फर्म्याशिवाय कमान

जानराव मेश्रामच्या गँगमध्ये एक रीत होती. ज्यानं कमान चढवली, त्यानंच तिच्या खाली उभं राहायचं.

भट्टीच्या छताची कमान बांधायची म्हणजे आधी खालून लाकडाचा फर्मा द्यावा लागते. विटा त्याच्या पाठीवर बसतात. मधली चावीची वीट ठोकली का कमान आपल्या जोरावर उभी, मंग फर्मा ओढून घ्यायचा. तो ओढायच्या टायमाले सारी गँग दहा पावलं मागं सरके, अन् कमानीखाली दोघंच राहत. एक बांधणारा, दुसरा खुद्द जानराव. भिलाईत भट्टीच्या विटा लावणारे रग्गड होते, पण ही रीत एकट्या त्याच्या गँगची. "आपल्या कामाखाली आपलं डोस्कं ठेवता येत नसन, तं दुसऱ्याचं कावून ठेवाचं?" असं तो म्हणे, अन् पुढं काही बोलत नसे. तसाही तो बोलणारा माणूस नव्हता. दिवसभर विटा ठोकून त्यांचा आवाज ऐकणाऱ्या माणसाले स्वतःच्या आवाजाची हौस राहत नाही.

त्रेसष्टच्या दसऱ्याच्या सुमाराले त्याच्याकडे इद्रीस आला. देश इजिप्त, वय चाळिशीचं, ताडासारखा उंच, गालावर तीन उभ्या चिरा, अन् रंग असा की भट्टीपुढं करपलेली आपली माणसं त्याच्या बाजूले गोरी दिसावीत. तिकडंही पोलादाचं काम वाढवून राहिले होते. तिकडच्या सरकारनं त्याले चार महिन्यांसाठी भट्टीच्या विटांचं काम शिकायले धाडलं होतं. रशियन साहेबाच्या ड्रॉइंगमध्ये सारं राहते, फक्त हात कसा फिरवायचा ते राहत नाही. म्हणून फोरमन पंजाबरावनं त्याले जानरावच्या हाताखाली दिला.

भाषेची बोंबच होती. महिन्याभरात इद्रीसनं गँगमधून हिंदी उचलली, तीही गँगच्याच तोंडची. "उस्ताद, ये ईंट हरामी है," असं तो मोठ्या अदबीनं म्हणे.

होस्टेलचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. एका रविवारी जानरावनं त्याले घरी आणला. सेक्टर दोन, सडक सात, दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं हातभर अंगण. कमलानं मडकं चुलीवर पालथं घातलं अन् त्याच्या बुडावर लांबरोटी टाकली. पातळ, हातावर झुलवत झुलवत मोठी केलेली, पलीकडचं दिसावं अशी. इद्रीस खाटेवर बसला होता तो उठून चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"मेरी माँ," तो म्हणला. "ऐसा ही. पत्थर पर."

"तुमच्या देशातबी मडकं आहे का, भाऊ?" कमलानं इचारलं.

त्याले कळलं नाही, पण त्यानं पाच रोट्या खाल्ल्या. त्या दिवसापासून दर रविवार त्याचा.

जानरावची पोरगी शेवंता सोळा वर्षांची. आठवीत एका पोरीनं तिच्या बोलण्याची नक्कल केली, 'मले-तुले' म्हणून चिडवलं, तं हिनं तिच्या पाठीत पाटी घातली. हेडमास्तर म्हणे माफी माग. हिनं दप्तर उचललं अन् घरी आली. दोन वर्षं झाली, माफी अजून मागायचीच होती. तिले इद्रीस आवडायचा, कारण तो कधी 'शाळेत कावून जात नाई' म्हणून इचारत नसे. उलट तीच त्याले इचारी अन् तो सांगे. त्याची हिंदी अन् तिची हिंदी दोन्ही लंगड्या, म्हणून बरोबर चालत.

त्याच्याकडून घरात त्या देशाचं चित्र तयार झालं. सारा देश मिळून एकच नदी. दोन्ही काठांनी हिरवी पट्टी, कुठं कुठं इतकी चिंचोळी की पोरगं धावत पार करन, अन् मंग वाळू. फक्त वाळू. इद्रीसचं गाव पार दक्षिणेले, नदीच्या काठी. बाया रोज सकाळी दारातली वाळू झाडून काढतात अन् संध्याकाळपर्यंत ती परत येते. गावात खजुराची झाडं, बाया, म्हातारे अन् पोरं. जवान गडी सगळे मोठ्या शहरात, कोणी साहेबाचा बावर्ची, कोणी माडीचा दरवान.

"आमच्याकडं तसंच झालं ना आता," कमला म्हणली. "आमच्या गावचे अर्धे गडी भिलाईत, अर्धे रेल्वेत. रोवणीले माणूस भेटत नाई."

"रोवणी?"

शेवंतानं त्याले धान समजावून सांगतला. गुडघाभर पाण्यात उभं राहून रोप लावाचे. पाणी कुठून येते, त्यानं इचारलं. आभाळातून, चार महिने. तो हसला. लेकरू फुशारकी मारते तेव्हा मोठं माणूस हसते तसा. त्याच्या आयुष्यात गावावर पाऊस दोनदा पडला होता, दोन्ही वेळा रस्ता भिजायच्या आत थांबला होता.

"तं तुमची घरं मातीची आहेत," जानराव पहिल्यांदा मधात बोलला. "अन् लाकूड नाई म्हणता. छत कायचं?"

"मिट्टी का. कमान."

"फर्मा?"

"फर्मा नहीं. लकड़ी किधर है?"

जानरावनं बिडी पेटवता पेटवता मान हलवली. हवेत कमान कोणी बांधत नाही. वीस वर्षं विटा लावल्या होत्या त्यानं, आधी मालगुजाराच्या विहिरी, मंग नागपूरच्या मिलची धुराडी, मंग इथल्या भट्ट्या. "खाली आधार नाई तं वीट पडन," तो म्हणला. "तुमच्या देशातबी विटा खालीच पडतात ना."

पुढच्या रविवारी इद्रीसनं अंगणात चिखल केला. कोंबड्यांसाठी कमलाले खुराडं पाहिजेच होतं. मातीच्या कच्च्या विटा आठवडाभर आधीच पाडून ठेवल्या होत्या. मागची भिंत उभी करून पहिली ओळ त्यानं सरळ लावलीच नाही. भिंतीवर टेकवली, तिरपी. दुसरी ओळ पहिलीच्या अंगावर, तिसरी दुसरीच्या. जशी थकलेली माणसं एकमेकांच्या पाठीले टेकून बसतात. खाली काहीच नाही. दुपार कलली तेव्हा कमान पूर्ण झाली होती अन् इद्रीस तिच्यावर चढून उभा राहिला.

जानराव खुराड्यात डोकं घालून बराच वेळ पाहत राहिला.

"चांगलं केलं," बाहेर आल्यावर तो म्हणला. त्याच्या गँगमधल्या कोण्या माणसाले त्यानं हे दोन शब्द कधी दिले नव्हते.

"मृगाच्या पाण्यात इरघळून जाईन," कमला म्हणली. इद्रीस पुन्हा तसाच हसला.

डिसेंबरात त्याले घरचं पत्र आलं. त्या रविवारी तो रोटी तोडून नुसता बसून राहिला. शेवंतानं खोदून खोदून इचारलं तेव्हा सांगतलं. नदीवर मोठं धरण बांधून राहिले होते. ते त्याले ठाऊकच होतं, सगळ्यांले होतं. वरच्या अंगाची सारी गावं पाण्याखाली जाणार होती, अन् त्यांच्या गावाची तारीख आता लागली होती. फेब्रुवारीची बारा. त्या दिवशी सरकारी बोट येणार, माणसं, शेळ्या, खाटा, सगळं चढवणार, अन् कितीतरी कोस खाली नव्या गावात उतरवणार. याच्याआधी तिथं एक छोटं धरण होतं, त्यानं तीनदा पाणी वाढलं, तेव्हा बापजाद्यांनी दर खेपेले घर उचलून टेकडीवर नेलं होतं. आता टेकडीच बुडणार होती.

"नवं गाव कैसा है?" शेवंतानं इचारलं.

इद्रीसनं सडकेकडं बोट दाखवलं. एका ओळीत, सिमेंटचं, दारावर नंबर.

"मंग चांगलंच आहे," जानराव म्हणला.

इद्रीसनं त्याच्याकडं पाहिलं. "उस्ताद, तुमको गाँव याद नहीं आता?"

"नाई."

"एकदम नहीं?"

जानरावले सांगायचं नव्हतं, पण हा माणूस दोन महिने त्याच्या घरची रोटी खाऊन राहिला होता. "आमचं घर गावात नव्हतं," तो म्हणला. "गावाच्या बाहेर होतं. विहीर अलग. नदीवर घाट अलग, खालच्या अंगाले. वरच्या घाटावर आमच्या माणसानं हात घातला तं पाणी बाटे. आता सांग, काय याद करू?"

आत कमलानं नळ सोडला. काही कारण नव्हतं, बादली भरलेलीच होती. क्वार्टरात आल्यापासून तिची ती खोडच होती, मधूनच तोटी फिरवायची, पाणी आलं का पाहायचं अन् बंद करायचं.

इद्रीस म्हणला, त्याच्या गावात घाट एकच. पण शहरात त्याच्या माणसाले लोक काळा म्हणतात, जिन्याखाली झोपवतात. म्हणून तं गाव पाहिजे. वर्षातून एक महिना माणसाले कुठंतरी माणूस म्हणून राहायले पाहिजे. त्याच्या घराच्या दारावर मातीत चिनी मातीच्या ताटल्या बसवल्या होत्या, पाच. एकेक ताटली एकेका लेकराच्या जन्माले. ते दार त्याले एकदा पाहायचं होतं. बस. बोटीत सगळ्यांसंगं चढायचं होतं.

हिशेब सरळ होता. सोळा जानेवारीले परीक्षेची कमान, अन् तिच्या कागदाशिवाय परतीचं तिकीट मिळणार नव्हतं. ती पास झाली तर वीस तारखेची मुंबईची बोट, अन् महिना संपता संपता तो गावात. पास झाली नाही तर फर्मा दुसऱ्या बॅचकडं, पुन्हा कधी मिळन ते नक्की नाही, अन् पुढची बोट तीन फेब्रुवारीची. त्या बोटीनं समुद्र, मंग रेल्वे, मंग नदी. कशीही मोजणी केली तरी बारा तारीख हातातून निसटून जाई.

सोळा तारखेले विटांच्या गोदामामागच्या आवारात इद्रीसनं कमान चढवली. सकाळपासून हात एकसारखे चालत होते. चावीची वीट लाकडी मोगरीच्या तीन ठोक्यांत बसली. गँग मागं सरकली. जानराव अन् तो कमानीखाली उभे राहिले, फर्मा निघाला, अन् कमान उभी राहिली. कोणीतरी टाळी वाजवली. पंजाबराव कागद घेऊन पुढं आला.

जानरावनं कागद घेतला नाही. त्यानं खिशातून हॅक्सॉचं जुनं पातं काढलं. हे त्याचं माप. दोन विटांच्या सांध्यात पातं गेलं तर काम खोटं. पहिल्या बारा ओळींत पातं कुठंच शिरलं नाही. तेराव्या ओळीत थोडं शिरलं. चौदाव्यात अर्धं. त्यानं ओळंबा सोडला. दोरी सरळ लोंबत होती अन् विटा दोरीपासून दूर जात होत्या. शेवटच्या चार ओळी मागं कलल्या होत्या, प्रत्येक आपल्या मागचीच्या अंगावर टेकून.

जानरावले लगेच ओळखू आलं. हे त्यानं स्वतःच्या अंगणात पाहिलं होतं. दिवस चढत गेला तसा हा माणूस भिलाईतून उठून घरी गेला होता, अन् हात एकटेच इथं राहून तिकडचं छत बांधत होते.

"काय करू, मेश्राम?" पंजाबराव हळूच म्हणला. "कमान उभी आहे. डोळ्यानं तं काही दिसत नाई. तुझी सही झाली का मी कागद पुढं सरकवतो."

उभी होतीच. थंडीत शंभर वर्षं उभी राहिली असती. पण आत आग पेटली का विटा फुगतात, अन् कललेली ओळ सरळ ओळीले ढकलते. आज नाही, सहा महिन्यांनी. तेव्हा खाली कोणीतरी उभा असतो.

"उद्या सांगतो," जानराव म्हणला. तेही त्यानं कधी केलं नव्हतं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेवंता दारातच उभी.

"बाबा, एक सही तं करायची आहे."

"आत चाल."

"नाई. अठीच सांगा. ती कमान तं तोडूनच टाकणार ना उद्या? परीक्षेचीच तं आहे. तिच्याखाली कोन भट्टी पेटवून राहिलं?"

"त्याच्या हातानं पुढं ज्या कमानी होतीन, त्यांच्याखाली पेटवतीन."

"तेव्हा तो सरळ बांधन. आता त्याचं घर बुडून राहिलं म्हणून हात चुकला. तुमाले काय समजन? तुमाले तं गावच नाई."

कमलाचं लाटणं थांबलं. जानरावनं पोरीकडं पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाटेवर बसला, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली अन् बाहेर निघून गेला.

सकाळी आवारात पोचला तेव्हा इद्रीस आधीच आला होता. त्याच्या हातात जानरावसारखंच एक पातं होतं, कुठून तरी मिळवलेलं. तो कमानीखाली उकिडवा बसून ते चौदाव्या ओळीत घालत होता, काढत होता. जानरावले पाहून उठला.

"उस्ताद, मेरा मुलुक में भी भट्टी के नीचे आदमी खड़ा रहता है," तो म्हणला.

जानरावनं मान हलवली. दोघांनी मिळून कमान उतरवली, एकेक वीट. सही झाली नाही.

मंग जानरावनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. पंजाबरावच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला अन् फर्मा मागतला. पंजाबराव म्हणे यादी लागली आहे, रशियन साहेबाची सही आहे. जानराव तिथंच उभा राहिला, जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी. दहाव्या दिवशी एका दुपारसाठी फर्मा मिळाला. इद्रीसनं कमान चढवली. जानराव प्रत्येक ओळीले त्याच्या बाजूले ओळंबा धरून बसला. फर्मा निघाला, दोघं खाली उभे होते, पातं कुठंच शिरलं नाही. जानरावनं सही केली. त्याची सही म्हणजे मोठमोठी चार अक्षरं, फायरब्रिकसारखी.

तीन तारखेची बोट गाठायले इद्रीस दुर्ग स्टेशनावरून गाडीत चढला. कमलानं लांबरोट्या घडी घालून फडक्यात दिल्या. शेवंतानं घरातली एकुलती एक चिनी मातीची ताटली दिली, निळ्या काठाची, एका रशियन साहेबाच्या बाईनं आपल्या देशाले परत जाताना कमलाले दिलेली. शेवंता बापाशी पंधरा दिवसांपासून बोलत नव्हती, अन् ताटली द्यायच्या आधी तिनं कोणालेच इचारलं नाही.

"शायद पहुँच जाऊँगा," गाडी हलली तेव्हा इद्रीस म्हणला. "शायद गाँव का बोट लेट आएगा."

बारा तारखेले जानराव कामावर होता. दिवसभर त्याच्या हातून एकही वीट वाकडी गेली नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा राहून गेला.

पत्र एप्रिलात आलं. इंग्रजीत होतं, नव्या गावच्या मास्तरकडून लिहून घेतलेलं. पंजाबराव ते घेऊन संध्याकाळी क्वार्टरात आला अन् अंगणात खाटेवर बसून त्यानं वाचून, मराठीत करून सांगतलं.

इद्रीस चौदा तारखेले पोचला होता. दोन दिवस उशिरा. गावात कुत्रीसुद्धा नव्हती. बायांनी जायच्या आधी घरं झाडून घेतली होती, सारवली होती, दारं उघडी ठेवली होती, जणू पाणी पाहुणा आहे. त्याच्या दारावर चार ताटल्या होत्या. पाचवी बायकोनं काढायले पाहिली तेव्हा फुटली, म्हणून बाकीच्या तिनं तशाच ठेवल्या. वाळू उंबऱ्यापर्यंत आली होती. दोन दिवस कोणी झाडली नव्हती. त्यानं झाडली. एक रात्र घरात राहिला अन् ज्या नावाड्यानं आणलं त्याच्यासंगं निघाला. नव्या गावात सिमेंटचं छत आहे, दुपारी तापते, म्हाताऱ्या भिंतीशी तोंड करून बसतात. भट्टीच्या कामावर तो पुढच्या महिन्यात रुजू होणार. त्याच्या तिथल्या गँगमध्ये त्यानं उस्तादची रीत सुरू करायची ठरवली आहे. निळी ताटली दारावर बसवली. शेवटी त्यानं इचारलं होतं, खुराडं उभं आहे का.

पंजाबराव पत्र घडी करून निघून गेला. कोंबड्या एकेक करून आत शिरत होत्या.

दोन दिवस. जानरावच्या डोक्यात ते दोन दिवस वीट फसावी तसे फसून बसले. त्यानं सही केली असती तर तो माणूस गावच्या बोटीत असता. सही न करण्यात त्याची चूक नव्हती, हे त्याले पक्कं ठाऊक होतं, अन् त्यानं काहीच हलकं होत नव्हतं.

"शेवंता," तो म्हणला. "कागद घे. पंजाबराव इंग्रजीत करून देईन."

ती हलली नाही. मंग उठली, जुन्या दप्तरातून वही काढली, चुलीपाशी उजेडात बसली. इतक्या दिवसांनी ती बापाच्या समोर बसली होती.

"लिही. खुराडं उभं आहे."

तिनं लिहिलं. "पावसात जाईन ते सांगू?"

"नोको. मी पत्रा टाकतो त्याच्यावर. लिही, पत्रा टाकला."

"अजून टाकला कुठं?"

"पत्र जाईपर्यंत टाकन ना. लिही."

तिनं लिहिलं अन् वाट पाहत राहिली. जानराव खुराड्याकडं पाहत होता, त्या तिरप्या ओळींकडं, एकमेकींच्या पाठीले टेकलेल्या.

"अन् लिही," तो म्हणला, "तुमी इचारलं होतं, गाव याद येते का. मी नाई म्हणलो होतो."

शेवंताची पेन्सिल थांबली.

"गावाची येत नाई. नदीची येते. वैनगंगा म्हणतात. खालचा घाट आमचा होता. तठी मोहाचं एक झाड पाण्यावर वाकलं होतं, आमी पोरं त्याच्यावरून उड्या घेत होतो. वरचे पोरं वरून पाहत. त्यांच्या घाटाले तसं झाड नव्हतं."

"बाबा, हे तुमी मले कधी सांगतलं नाई."

"तू लिही."

आत नळ सुटल्याचा आवाज आला, मंग बंद झाल्याचा. शेवंतानं झाड लिहिलं, घाट लिहिला, नदीचं नाव दोनदा गिरवलं. मंग वही पुढं सरकवली, अन् जानरावनं खाली आपली चार अक्षरं केली.